तुळशीच्या लग्नानंतर

ॲपलची नवी कार्यप्रणाली दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान येते, आणि नेमके तेच माझे कामाचे दिवस. गणपती गेले की एकांकिका स्पर्धांच्या तालमी रंगात येतात. कुणाचं पार्श्वसंगीत अर्धं राहिलेलं असतं, कुणाला पावसाचा आवाज हवा असतो, पण पत्र्यावरच्या पावसाचा, कौलांवरच्या नाही. अशा वेळी चालत्या संगणकाला हात लावायचा नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. तुळशीचं लग्न लागलं की मग अपग्रेडचा मुहूर्त. ज्यांच्याकडे कंपनीचा मॅक आहे त्यांना मुहूर्त लागत नाही, ते रात्री बटण दाबून झोपतात. माझा संगणक मी सुटे भाग आणून घरी जोडलेला, आणि त्यावर मॅकची कार्यप्रणाली. जगभर याला हॅकिंटॉश म्हणतात.

हा खटाटोप लॉजिकसाठी. ध्वनिसंपादनाचं हे सॉफ्टवेअर बनवणारी ईमॅजिक ही जर्मन कंपनी ॲपलने २००२ साली घेतली आणि विंडोजवरची आवृत्ती बंद केली. मी शिकले ते लॉजिकवर, माझा हात बसला तो लॉजिकवर. पुढे ॲपलने २००५ साली जाहीर केलं की आपण इंटेलचे प्रोसेसर घेणार, आणि २००६च्या जानेवारीत तसे मॅक आलेही. म्हणजे ॲपलच्या पेटीतला आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातला प्रोसेसर एकाच घराण्यातला झाला. हॅकिंटॉशचा सगळा इतिहास या एका निर्णयावर उभा आहे.

परवान्यात स्पष्ट लिहिलंय की ही प्रणाली ॲपलचं नाव असलेल्या संगणकावरच चालवावी. ते वाचून, समजून मी हा रस्ता धरला. फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने २००८मध्ये असे संगणक विकायला काढले, ॲपलने खटला भरला आणि २००९मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. तो निकाल मला योग्यच वाटतो. दुसऱ्याच्या कामावर दुकान मांडणं वेगळं. मी माझ्या टेबलावर करत होते त्याला कायद्याचा आधार होता असं मात्र मी कधी म्हटलं नाही. आणि ॲपल मला काही देणं लागत नाही, हेही तेव्हाच मनाशी पक्कं झालं. एखादं अपग्रेड मोडलं तर ते निस्तरायचं काम माझं.

सुरुवात स्नो लेपर्डपासून झाली. दुकानात मिळणारी डीव्हीडी होती, अमेरिकेत २९ डॉलरची. घरातल्या जुन्या पीसीवर ती चढली, पडद्यावर अवकाशातली ती जांभळी प्रभा आली, आणि आवाज मात्र शून्य. आवाजाचं काम करणाऱ्या बाईचं यंत्रच मुकं. कारण असं की ध्वनिचिप ओळखीची असली, तरी तिच्या कुठल्या तारेला स्पीकर जोडलाय आणि कुठल्या तारेला माइक, हे प्रत्येक मदरबोर्डवर वेगळं असतं. ॲपलच्या ड्रायव्हरमध्ये फक्त ॲपलच्या बोर्डांचे नकाशे. तेव्हाचा उपाय म्हणजे तो ड्रायव्हर उघडायचा, त्यात आपल्या बोर्डाचा नकाशा घालायचा आणि मूळ जागी परत ठेवायचा. मग यंत्र बोलायला लागायचं. पण एखादं छोटं अपडेट यायचं, ॲपलची कोरी प्रत आपल्या दुरुस्त प्रतीवर बसायची, आणि पुन्हा शांतता.

या दुरुस्तीतच मला संगणकात काय असतं ते कळायला लागलं. तोवर ती माझ्यासाठी एक पेटी होती. आता तिच्यात बायॉस होतं, आणि त्या बायॉसमध्ये यंत्राच्या भागांचं वर्णन करणारे तक्ते होते. विंडोज डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले हे तक्ते मॅकला वाचता येत नसत. इंटेलवरच्या खऱ्या मॅकमध्ये एसएमसी नावाची चिप असते. सुरू होताना प्रणाली तिच्याकडे एक किल्ली मागते आणि तिने फाइंडर, डॉक असे सांकेतिक करून ठेवलेले भाग उघडते. हे काम करणाऱ्या घटकाचं नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’ आहे. आमच्या यंत्रांत ती चिप नसल्यामुळे तिचं सोंग घेणारा फेकएसएमसी नावाचा ड्रायव्हर लागायचा.

रीतसर स्टुडिओचा संगणक जोडला तो २०१३च्या दिवाळीनंतर. त्याच वर्षी ॲपलचा काळा नळकांडी मॅक प्रो आला, २,९९९ डॉलरपासून पुढे, आणि आत एकही कार्ड किंवा जास्तीची हार्ड डिस्क बसणार नाही अशा रचनेचा. नाटकवाल्यांची रेकॉर्डिंगं वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला तो परवडला असता तरी उपयोगाचा नव्हता. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग लॅमिंग्टन रोड. मी हातात यादी घेऊन गेले होते. हाच बोर्ड हवा, त्याच्या जवळचा नाही, असं मी सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, “ताई, विंडोजला कुठलाही चालतो.” मला विंडोज घालायचंच नाही म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं आणि सगळं विचारून घेतलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी माझ्यासाठी सुटे भाग बाजूला काढून ठेवले.

मॅव्हरिक्स सुरळीत, योसेमिटी सुरळीत. २०१५च्या एल कॅपिटनने यूएसबीची व्यवस्था मुळापासून बदलली, आणि मला वाटतं या सगळ्या वर्षांतलं सर्वांत सुंदर कोडं तेच होतं. नव्या व्यवस्थेत एका कंट्रोलरमागे १५ पोर्टांची मर्यादा आली. मागे मोजले तर पोर्ट तेवढे नाहीतच, मग अडतं कुठे? तर निळ्या रंगाचा एक पोर्ट प्रणालीला दोन दिसतो, जुन्या वेगाचा एक आणि नव्या वेगाचा एक. शिवाय बोर्डावर न वापरलेल्या पिना असतात, त्याही मोजल्या जातात. ब्लूटूथही आतून यूएसबीवरच बसलेलं. पंधराची गणती आधीच भरून गेली, तर उरलेल्या पोर्टांना अस्तित्वच नाही. काहींच्या यंत्रावर कीबोर्ड मरायचा, काहींच्यावर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हच दिसेनासा व्हायचा, आणि पडद्यावर काट मारलेलं वर्तुळ यायचं. प्रणाली जिथून सुरू झाली तीच डिस्क तिला सापडत नाही, असा त्याचा अर्थ.

मर्यादा उठवणारा एक तयार पॅच मिळायचा आणि बहुतेक जण तोच लावून मोकळे व्हायचे. मला तो पटला नाही. मी एक जुना आणि एक नवा पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक भोकात आळीपाळीने घातला, कुठल्या भोकाला कुठलं नाव उमटतं ते वहीत लिहिलं, आणि नको असलेले पोर्ट वगळून स्वतःचा नकाशा तयार केला. संध्याकाळ गेली त्यात. पुढे २०२१च्या एप्रिलमध्ये, बिग सरच्या ११.३ आवृत्तीत, तो तयार पॅच चालेनासा झाला. माझा नकाशा तसाच चालू राहिला.

बिघाड शोधताना माझे कान कामी आले, हे मी मनापासून सांगते. सुरू होताना प्रणालीला बोलतं करायची एक सोय आहे. मग सफरचंदाऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकतात. यंत्र अडकलं की नवखा माणूस शेवटची ओळ वाचतो आणि तिलाच दोषी धरतो. पण जी ओळ उमटली ते काम बहुधा झालेलं असतं. घोटाळा तिच्यानंतरच्या, न उमटलेल्या ओळीत असतो. म्हणून मी यंत्र धड असताना त्या ओळींचं मोबाइलवर चित्रण करून ठेवायचे आणि अडलं की दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. ध्वनिमुद्रणात एखादा आवाज गळालाय हे कळायला मूळ आवाज कानात असावा लागतो, तसंच.

२०१८च्या मोहावेला माझ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर निघालाच नाही. ॲपल आणि ते कार्ड बनवणारी कंपनी, या दोन मोठ्या कंपन्यांमधलं ते प्रकरण. मी हाय सिएरावरच थांबले आणि काम उत्तम चाललं. पण थांबता येत नाही, कारण अपग्रेडची सक्ती प्रणाली करत नाही, सॉफ्टवेअर करतं. २०२०च्या मे महिन्यात लॉजिक १०.५ आलं आणि त्याला मोहावेच्या खालचं चालत नव्हतं. टाळेबंदी होती, नाट्यगृहं बंद होती, मुहूर्त बघायचं कारणही उरलं नव्हतं. दुकानं उघडल्यावर जुनं आरएक्स ५८० कार्ड मिळवलं आणि थेट कॅटलिनावर गेले.

त्याच वेळी प्रणाली सुरू करून देणारा बूटलोडरही बदलला. आधी क्लोव्हर होता, आता ओपनकोअर. तो २०१९पासून आलेला, असिडँथेरा या गटाचा. त्या मंडळींचं मोल मला शब्दांत नीट सांगता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही प्रणालीच्या पोटात हात घालून भाग बदलत होतो. यांनी प्रणालीला स्पर्शच केला नाही. आवाजाचा नकाशा, एसएमसीचं सोंग, तक्त्यांची दुरुस्ती, सगळं सुरू होण्याच्या क्षणी स्मृतीत घडतं, डिस्कवरची ॲपलची प्रत कोरीच राहते. त्यामुळे अपडेट आलं तरी पुसलं जायला काही उरत नाही. २०२०च्या बिग सरने प्रणालीचा विभाग मोहोरबंद केला, तेव्हा पोटात हात घालणाऱ्या पद्धती खोळंबल्या, आणि ही पद्धत चालत राहिली. एवढं काम, त्याची सविस्तर मार्गदर्शिका, आणि एक पैसा न घेता.

त्या बिग सरचा दिवस लक्षात आहे, १२ नोव्हेंबर. दोनच दिवस आधी ॲपलने स्वतःचा एम१ प्रोसेसर जाहीर केला होता आणि दोन दिवसांनी दिवाळी. माझ्या यंत्राने तोवर २०१३च्या आयमॅकची ओळख धारण केली होती. बिग सर त्या आयमॅकला नाकारत होतं, म्हणून ओळख बदलून नंतरच्या मॉडेलची दिली. ते सोपं होतं. पण एम१च्या बातमीनंतर हेही स्पष्ट होतं की प्रोसेसरची सोयरीक संपली आहे. ओळख बदलता येते, प्रोसेसरचं घराणं कसं बदलणार?

त्याचा चटका २०२४ साली बसला. लॉजिक ११मध्ये एकाच मुद्रणातून गायन, तालवाद्य, बेस असे आवाज वेगळे काढण्याची सोय आली. माझ्याकडे मावशीच्या गाण्याच्या कॅसेटी आहेत. घरगुती बैठकीतल्या, एकच माइक, तबला इतका जवळ की मावशीचा षड्ज त्याखाली दबतो. ही सोय फक्त ॲपलच्या चिपवर चालते. मी मॅक मिनी घेतला. वेगळा झालेला तिचा आवाज ऐकला तो त्या छोट्या खोक्यावर. माझ्या जोडलेल्या यंत्रावर तो कधीच निघाला नसता, याचं वाईट वाटलं, आणि वाटत राहील.

२०२५च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केलं की टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. माझं यंत्र मी सेक्वॉयावरच ठेवलंय, जुन्या नाटकांचा साठा त्यावर आहे.

पण ओपनकोअरचं काम वेगळ्याच दिशेने वाढलं. त्याच्या आधारे ओपनकोअर लेगसी पॅचर तयार झाला, आणि तो खऱ्या मॅकसाठी आहे, ज्यांना नव्या आवृत्तीतून वगळण्यात आलंय अशा जुन्या मॅकसाठी. आमच्या एका नाट्यगटातल्या मुलाकडे २०१२चा मॅकबुक प्रो होता, अधिकृतपणे कॅटलिनावर थांबलेला. आम्ही दोघांनी बसून त्यावर सोनोमा चढवलं. त्याच्या जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर नव्या प्रणालीत नाहीत, त्यामुळे मोहोर काढून ते परत घालावे लागतात आणि प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा. माझ्या स्नो लेपर्डच्या दिवसांतलीच ही कसरत. तो आता ती स्वतः करतो, आणि ओळी सरकायला लागल्या की आधी मोबाइल काढतो. त्याच गटातल्या एका मुलीचा २०१४चा मॅक मिनी पुढच्या आठवड्यात येतोय. त्याची ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, वाढवता येणार नाही. मॉन्टेरेच्या पुढचं त्याला झेपेल की नाही, यावर आमचा वाद चालू आहे. माझं म्हणणं, आधी एसएसडी घालू आणि मग बघू.