गिटार विकली, पण खोड सांगून

आजची नोंद उसाची नाही, गिटारीची आहे. हसू नका.

२०१२ साली पुण्यात नोकरीला असताना पैसे साठवून फेंडरची इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. स्ट्रॅटोकास्टर, लिमिटेड एडिशन. २०१८ ला आबांचे गुडघे गेले, मी शेतीवर आलो. गिटार कपाटात गेली.

यंदा एप्रिलमध्ये बोअरची मोटर जळाली. ऊस पाच महिन्यांचा, पाण्याची निकड. म्हटलं, आता गिटारच विकायची. फोटो टाकले, कोल्हापूरच्या एका पोराशी ६२ हजारांना बोलणं ठरलं.

आता अडचण ऐका. लिमिटेड एडिशनला किंमत असते ती सगळं मूळचं असेल तर. माझ्या गिटारीतल्या तीनपैकी एक पिकअप मी २०१५ ला बदललेला. पिकअप म्हणजे चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, आपल्या मोटरच्या वाइंडिंगचीच जात. वरून काहीच कळत नाही. पुढची प्लेट खोलली तरच नवा डाग दिसतो.

दोन दिवस गप्प बसलो. मोटरवाला रोज फोन करतोय. शेवटी आबांना विचारलं. ते म्हणाले, "बैलाची खोड दावणीलाच सांगायची. मागनं कळली तर बैल बी परत येतो आणि नाव बी जातं."

रात्री प्लेट खोलली, डागाचा फोटो काढून पाठवला. पहिल्या तीन पट्ट्या झिजल्यात, तेही लिहिलं. पोरगं एक दिवस गप्प. मग म्हणालं, "दादा, ५४ देतो. चालंल का?"

एसटीनं आला, छोटा अँप घेऊन. आमच्या सोप्यात तासभर वाजवली. आबा खांबाला टेकून ऐकत होते. जाताना त्याला सांगितलं, पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान वाकते, तारा खरखरतात. मानेत लोखंडी सळई असते, ती एका वेळी पाव फेराच फिरव, जोर लावू नको.

गिटार गेली तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आठ हजार गेले याचं नाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी मोटर सोडली. सरीला पाणी लागलं.

तुम्ही कधी खोड सांगून काही विकलंय का? लिहा खाली.