किल्ली पर्समध्ये

आमच्या पिढीतल्या सांगलीच्या बायका चारचाकी चालवायला शिकल्या त्या मारुती 800 वर, आणि ती मारुती बहुतेक घरांत आधी कुणीतरी वापरलेलीच असायची. नवी कोरी गाडी शोरूममधून आणून तिच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याची ऐपत आमच्या कॉलनीत मोजक्यांची. बाकी सगळे बँक, शाळा, वीज मंडळ, विमा, पाटबंधारे अशा नोकऱ्यांतले. घराचे हप्ते चालू, मुलांच्या शिकवण्या चालू, गावाकडे सासू-सासऱ्यांची औषधं चालू. अशा घरात गाडी आली ती दुसऱ्याच्या हातून, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हा आमच्यापैकी काही कॉलेजात होत्या, काही नुकत्या नोकरीला लागलेल्या. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आमच्या वडिलांना एवढ्या पैशात प्लॉट दिसायचा, गाडी नव्हे. सांगलीत तेव्हा गाड्या असायच्या डॉक्टरांकडे, हळदीच्या व्यापाऱ्यांकडे, साखर कारखान्याच्या साहेबांकडे. फियाट नाहीतर अँबॅसिडर, आणि चालवायला बहुधा ड्रायव्हर. पुढे 1993 मध्ये झेन आली, 1998 मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या. ज्यांच्या दारात 800 होती ते या गाड्यांकडे वळले आणि त्यांच्या 800 आमच्या आवाक्यात आल्या. मध्यमवर्गाच्या भरभराटीवर पुष्कळ लिहून झालंय. आमच्यापर्यंत ती जिन्यावरून यावी तशी आली, वरच्या पायरीवरच्याने गाडी सोडली की खालच्याला ती मिळायची.

त्या बाजारात सगळ्यात वजनदार वाक्य एकच: "मिरजेच्या डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड." मिरजेत दवाखाने इतके की वाक्य खोटं वाटायचं नाही. डॉक्टरांची गाडी म्हणजे घर ते दवाखाना एवढंच रनिंग, वेळेवर सर्व्हिसिंग, कागदपत्रं फायलीत. एजंट हे वाक्य टाकायचा आणि आमचा मेस्त्री ते ऐकून न ऐकल्यासारखं करून कामाला लागायचा. "सकाळी येतो, त्याआधी गाडी चालू करू नका," असं तो आदल्या दिवशीच बजावून ठेवायचा, कारण गाडीचं खरं दुखणं थंड इंजिनातच कळतं. आल्यावर बोटाच्या पेरांनी पत्रा वाजवत गाडीला पूर्ण प्रदक्षिणा. टणटण वाजला तर पत्रा मूळचा, बद्द वाजला तर खाली लांबी भरलेली, म्हणजे तिथे ठोकर बसलेली. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचा आणि वर तळहात धरायचा. धूर जोराने हाताला लागला तर बॅक कॉम्प्रेशन, रिंगा गेल्या. मग डिकीतलं कार्पेट उचलून गंज बघायचा. हे सगळं झालं की माझ्याकडे वळायचा, "वहिनी, सीट पुढं घेऊन बसा बघू. पाय पोचतोय का?"

पाय पोचायचा. ही बाब किती मोठी होती ते ज्यांनी फियाट चालवून पाहिली त्यांना कळेल. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, क्लच दाबायला मांडीचा जोर लागायचा. 800 ची रुंदी जेमतेम 1.44 मीटर, लांबी साडेतीन मीटरच्या आत, बारा इंची चाकं. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, पण गाडीच इतकी हलकी की मनगटाने वळायची. बॉनेट उतरतं, त्यामुळे पाच फुटी बाईलाही पुढचा रस्ता आणि डावा कोपरा दिसायचा. गावभागातल्या बोळात, मारुती रोडच्या गर्दीत, दोन हातगाड्यांच्या मधून ती निघायची. बायकांसाठी म्हणून ती कुणी बनवली नव्हती, तरी आमच्या हाताला ती पहिली बसली.

नवऱ्याने शिकवायचं नाही, हे कॉलनीत आपोआप ठरून गेलं होतं. मोटार ट्रेनिंग स्कूलची 800 सकाळी सहाला दारात यायची, वर लाल 'एल', शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक. पदर कमरेला खोचायचा, चप्पल काढून सीटमागे टाकायची. नेमिनाथनगरच्या मैदानावर आठ काढायचा, मग चढावर गाडी थांबवून हँडब्रेक सोडता सोडता हाफ क्लचवर धरायची. इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, पुढचं तोंड किंचित उचललं जातं, आणि त्याच क्षणी हँडब्रेक सोडायचा. तो क्षण तळपायाला कळतो, सांगून कळत नाही. ज्या दिवशी तो मला कळला त्या दिवशी घरी येऊन मी दुप्पट उत्साहाने भाकऱ्या थापल्याचं सासूबाई पुढे कित्येक वर्षं सांगत.

लायसन्स हातात आल्यावर घराचा कारभारच बदलला. हे स्कूटरवरून ऑफिसला जात आणि गाडी दिवसभर माझ्याकडे असे. मंडई, गॅसचं सिलिंडर, मुलांच्या परीक्षा, शेजारणीची डिलिव्हरी. सासऱ्यांना रात्री दीडच्या सुमारास छातीत कळ आली तेव्हा हे गावाला गेले होते. मी चोक ओढला, गाडी एका झटक्यात चालू झाली आणि आम्ही मिरजेच्या दवाखान्यात पोचलो. रिक्षा शोधण्यात गेला असता तो वेळ वाचला. आमच्या भिशीतल्या जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एक रात्र आहे. त्या गाडीबद्दल आम्ही हळव्या होतो त्याचं कारण हेच. काळ स्वस्त होता म्हणून नव्हे, तर अडल्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही म्हणून.

सुटीत मात्र ती सगळ्यांची. पुढे दोघं, मागे चौघं, मांडीवर दोन पोरं. वाडीला दत्ताच्या दर्शनाला, औदुंबरला, जोतिबाला, आणि मे महिन्यात आंबा घाटातून गणपतीपुळ्याला. स्टीलच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कागदी पुड्यात भडंग, पाण्याचा थर्मास पायाशी. ज्यांच्या गाडीला एसी होता त्यांच्याकडेही घाट लागला की तो बंद व्हायचा. 796 सीसीचं इंजिन, आठ जीव, वर कॅरिअरवर गाद्या, आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढण. मुलांना सांगावं लागत नसे, ती आपणच काचेची हँडलं फिरवायला लागायची. जुन्या गाड्यांना पावसाळ्यात एक खोड असायची, पाण्यातून गेलं की डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल शिरायची आणि गाडी आचके द्यायची. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यासाठी सुती फडकं ठेवलेलं असे. बॉनेट उघडायचं, कॅपच्या क्लिपा काढायच्या, आतून-बाहेरून कोरडं पुसायचं, परत बसवायची. भर पावसात रस्त्याकडेला थांबून हे काम मी एकदा केलं तेव्हा मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर मदतीला उतरला आणि नुसता छत्री धरून उभा राहिला.

मग मोठी गाडी आली. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली, मुलगा इंजिनिअरिंगला लागला, पाहुण्यांची ये-जा वाढली. कुणी इनोव्हा घेतली, कुणी तसलीच दुसरी. आम्हीही वापरलेली का होईना, इनोव्हाच घेतली. गाडी उत्तमच होती. लग्नकार्याला, अष्टविनायकाला, आजारी माणसाला आडवं झोपवून न्यायला तिच्यासारखी दुसरी नाही, हे मी आजही म्हणेन. पण साडेचार मीटरहून लांब गाडी आमच्या गल्लीत वळवताना एकाने उतरून मागे उभं राहावं लागे. ओरखडा आला तर खर्च हजारांत. कुणी मला चालवू नको म्हटलं नाही, तरी किल्ली ह्यांच्या खिशात गेली आणि मी डाव्या सीटवर. भिशीतल्या बाकीच्यांकडेही हेच झालं होतं, हे आम्हाला फार उशिरा, एकमेकींशी बोलताना कळलं. लायसन्सं कपाटात, मंडईला पुन्हा रिक्षा. जानेवारी 2014 मध्ये 800 चं उत्पादन थांबल्याची बातमी पेपरात आली, ती आम्ही चहा पिताना वाचली आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. तोवर आमच्यातल्या एकीच्याही हातात स्टिअरिंग उरलं नव्हतं.

पुढे घरं रिकामी झाली. मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्याला हिंजवडीत, सासू-सासरे गेले. सात सीटच्या गाडीत आम्ही दोघं. ती आठवडेच्या आठवडे कव्हरखाली उभी असायची, बॅटरी उतरायची, बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या. गाडी उभी असली तरी खर्च उभा राहत नाही. थर्ड पार्टी विम्याचेच दर बघा. जून 2022 पासून 1500 सीसीच्या वरच्या खासगी गाडीला 7,897 रुपये आणि 1000 सीसीच्या आतल्या गाडीला 2,094. टायर, सर्व्हिसिंग, डिझेल यांचा हिशेबही याच प्रमाणात. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला काही महिने बंदी घातली, तेव्हा प्रश्न सरळ समोर आला. दारात गाडी आहे आणि घरात ती चालवणारं कुणी नाही. "मी चालवीन," मी म्हटलं, "पण ही नाही."

छोट्या गाडीला मुलांचा विरोध झाला, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या भारतीय छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली होती, त्यात अल्टो 800 आणि नॅनोसकट पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. मुलीने तो व्हिडिओच पाठवला. आमच्या पिढीने मांडीवर पोरं घेऊन घाट चढले, पट्टा कधी लावला नाही, आणि त्याबद्दल अभिमानाने बोलण्यासारखं काही नाही. म्हणून एक अट ठरली, गाडी जुलै 2019 नंतरची हवी, कारण तेव्हापासून नव्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. बाकी काही नको. टच स्क्रीन नको, कॅमेरा नको, रंग कुठलाही चालेल.

मेस्त्री आता थकलाय, गॅरेज त्याचा मुलगा बघतो. पण गाडी बघायला दोघंही आले. पत्रा वाजवून झाला, झाकणावर तळहात धरून झाला. त्यात आता सांगलीकरांनी शिकलेली एक तपासणी वाढली आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती चौकात शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघायचं, कार्पेटला नाक लावायचं. टायरवरचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जिची पट्टी शेवटपर्यंत स्वच्छ निघाली ती 2019 च्या अखेरची अल्टो 800 आम्ही घेतली. लोअर मॉडेल, काचा हाताने फिरवायच्या, इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे आमच्या जुन्या 800 च्याच घराण्यातलं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायचा असतो तो केला. इनोव्हाचा नो क्लेम बोनस ती गाडी विकताना लेखी घेऊन ठेवला होता, कारण तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पुष्कळ लोक तो तसाच सोडून देतात.

कॉलनीत दोन-तीन जणांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक ना? मोठी गाडी विकून छोटी, तीही जुनी घेतली म्हणजे घरात काही अडचण असणार, असा आपल्याकडे समज आहे. ह्यांनी सरळ सांगितलं, "गाडी हिची आहे. मी डावीकडे बसतो." भिशीत मात्र कुणी असं विचारलं नाही. तिथे पहिला प्रश्न आला, क्लच हलका आहे का, आणि दुसरा, केवढ्याला पडली. त्यानंतर आणखी दोघींनी घरची मोठी गाडी काढून लहान घेतली. एकीने सीएनजीवाली वॅगन आर, गुडघ्यांना उंच सीट बरी पडते म्हणून. तिसरीचा नवरा अजून तयार नाही, तिने तोवर ट्रेनिंग स्कूलमध्ये उजळणी सुरू केली आहे.

येत्या पौर्णिमेला आम्ही चौघी वाडीला निघालोय. पुढे दोघी, मागे दोघी, पट्टे लावून. पेट्रोल वर्गणीतून, येताना बासुंदी ज्याच्या त्याच्या पैशाने. माझं लायसन्स आता पाच-पाच वर्षांनीच नवं होतं, दर वेळी डॉक्टरांचा दाखला लागतो. परवाच डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर बदललाय, नवा चष्मा शुक्रवारी मिळेल. गाडीचं पासिंग 2034 पर्यंत आहे.