बाकी

"साडेतीनच्या वर दहा पॉइंट होतात ना रे? मग नऊचेच पैसे कसे?"

शेजारच्या मावशी दुधाची पावती घेऊन दारात उभ्या होत्या. गावच्या संकलन केंद्रावर दर काढणारा प्रोग्राम मी लिहिला होता. सी भाषेत, फुकट आणि बऱ्यापैकी तोऱ्यात. हिशेब सोपा होता. गाईच्या दुधाला ३.५ फॅटला मूळ दर, त्यापुढे दर ०.१ ला एक पॉइंट आणि पॉइंटमागे लिटरला ३० पैसे जास्त. मावशींच्या दुधाला त्या सकाळी ४.५ फॅट लागली होती.

"मावशी, मशीन चुकत नाही," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा बोटांवर मोजलं. दहाच.

रात्री लॅपटॉप उघडला. सीमध्ये बाकी काढायचं टक्क्याचं चिन्ह फक्त पूर्णांकांना चालतं. दशांशाच्या आकड्यांसाठी गणिताच्या लायब्ररीत 'एफमॉड' आहे. मी ४.५ मधून ३.५ वजा करून आलेल्या १ ला ०.१ ने भागल्यावर उरणारी बाकी एफमॉडने काढत होतो आणि ती अर्धवट पॉइंट समजून सोडून देत होतो. इथे बाकी शून्य यायला हवी होती. आली ०.०९९९९९९९९९९९९९९९५. म्हणजे जवळजवळ एक अख्खा पॉइंट मी सोडून देत होतो.

एक तृतीयांश दशांशात लिहायला घेतला की ०.३३३ संपतच नाही. बायनरीत ०.१ चं तसंच होतं. डबलमध्ये ५३ बिटांची जागा असते, म्हणून कॉम्प्युटर सगळ्यात जवळचा आकडा ठेवतो. तो ०.१ पेक्षा किंचित मोठा असतो, फरक दशांशचिन्हानंतर अठराव्या घरात. पण तेवढ्यानेच असे दहा तुकडे १ मध्ये मावत नाहीत, नऊच मावतात. एफमॉडने बाकी अगदी अचूक काढली होती. मी लिहिलेला ०.१ च ०.१ नव्हता.

प्रोग्राम देण्याआधी मी ३.७ आणि ४.२ टाकून पाहिले होते. दोन्ही बरोबर येतात. ४.० आणि ४.३ टाकले असते, तर तेव्हाच कळलं असतं.

मग 'रिमेंडर' वापरून पाहिलं. १९९९ च्या सी मानकात आलेलं हे फंक्शन भागाकार जवळच्या पूर्णांकाला नेतं. त्याने दहा धरले, पण बाकी शून्याच्या एवढीशी खाली आली. शून्य नाहीच. शेवटी फॅटला दहाने गुणून जवळचा पूर्णांक घेतला. ४५ वजा ३५, दहा. मावशींनी बोटांवर केलं होतं तेच.

जुन्या पावत्या काढून सगळ्यांचा फरक मांडायला दोन रात्री गेल्या. तो पुढच्या बिलात दिला गेला. मावशींचे ८४ रुपये निघाले.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि पैसे मोजून घेतले. दोनदा.