फिरत्या चाकातून जाणारी तार

मोटारीच्या अंगात जितक्या म्हणून विजेच्या तारा खेळविलेल्या असतात, त्यांतील बहुतेक एकदा जागेवर बसल्या म्हणजे गाडी भंगारात जाईपर्यंत तेथेच स्वस्थ राहतात. दाराच्या तारा वाकतात, डिकीच्या झाकणाच्या दुमडतात. परंतु जनित्रासारखी इंजिनाजवळची यंत्रे वगळली तर पूर्ण फेऱ्यांनी गरगर फिरणाऱ्या भागात वीज नेण्याचा प्रसंग चालकाच्या हातातील चाकाखेरीज अन्यत्र सहसा येत नाही. जुन्या गाडीच्या स्टेअरिंगवर टेपचा आवाज कमीजास्त करण्याची, गाणे बदलण्याची आणि फोन घेण्याची बटणे बसवून द्या, अशी फर्माईश घेऊन येणाऱ्या मालकाला हे काम बटणांचे वाटते. सणसर आणि भवानीनगरच्या परिसरात मोटारींच्या वायरिंगचे काम करीत असता माझे असे ठाम मत बनले आहे, की त्यात बटणांचा भाग किरकोळ असून सारा मामला दांड्याचे स्थिर घर आणि फिरते चाक यांमधल्या एका सांध्याचा आहे.

या कामाला कित्येक लोक चैन समजतात. तसे समजणाऱ्याने गळिताच्या हंगामात अंधार पडल्यावर बारामतीहून इंदापूरकडे येणाऱ्या रस्त्याने एकदा स्वतः गाडी चालवून पाहावी. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेले, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाड्या या रस्त्याने संथपणे चाललेल्या असतात. कित्येकांच्या पाठीमागे दिवा नसतो, तांबडी चमकपट्टी असली तरी उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी झाकून गेलेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर कापते. तेव्हा टेपचे लहानसे बटण शोधण्यासाठी चालकाची नजर दोन सेकंद जरी डॅशबोर्डकडे वळली, तरी तेवढ्या अवधीत गाडी ३३ मीटर पुढे, अक्षरशः न पाहता गेलेली असते. पुढे उसाची ट्रॉली उभी असेल, तर ते अंतर फार आहे. अंगठ्याखाली बटण असले म्हणजे नजर रस्त्यावर राहते, आणि म्हणूनच हे काम मी चैनीच्या सदरात घालीत नाही.

मोटारीशी आमच्या इंदापूर तालुक्याचा ऋणानुबंध आजचा नाही. येथून जवळच, नीरेच्या काठी, ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी घरोघर ‘फियाट’ म्हणूनच ओळखली गेली. तिच्या चाकाला हॉर्नखेरीज विजेचे कसलेच काम नव्हते. परंतु तिचा गिअर चाकामागच्या दांड्यावर, डाव्या हाताच्या बोटांशी होता, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण वारंवार हाताळायची वस्तू चाकाच्या निकट असावी हा विचार त्या जुन्या रचनेतही होता, आणि त्याचा आपल्याला पुढे उपयोग होणार आहे.

आता त्या सांध्याकडे वळू. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीचे हॉर्नचे पॅड काढले, की मधोमध एक मोठा नट दिसतो. तो सोडण्यापूर्वी पुढची चाके सरळ करून घ्यावीत आणि दांड्यावर व चाकाच्या बुंध्यावर एका रेषेत रंगाची खूण करावी, कारण दांड्यावरील खाचांपैकी एक जरी चुकली तरी गाडी सरळ जात असता चाक तिरके दिसते. नट पुरता न काढता शेवटचे दोन आटे तसेच ठेवून मग चाक हलवावे. नाहीतर घट्ट बसलेले चाक एकाएकी सुटून तोंडावर येते. चाक निघाले की त्याच्या पाठीस एक पितळी कडे आणि त्याच्यासमोर, दांड्याच्या घरात, स्प्रिंगने पुढे रेटलेला एक संपर्कबिंदू दिसतो. कडे फिरते, बिंदू त्याच्यावर घासत राहतो, आणि हॉर्न दाबला की त्या वाटेने वीज जाते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झालेली काळी भुकटी आणि वाळलेले ग्रीस यांचे एक पातळ किटण त्या कड्यावर चढलेले असते.

हॉर्नला त्या किटणाची तमा नसते. त्याचा रिले फक्त होय किंवा नाही एवढेच विचारतो, आणि बारा व्होल्टांचा जोरकस प्रवाह ते पातळ किटण भेदून पलीकडे जातो. टेपची बटणे मात्र अशी साधी भाषा बोलत नाहीत. टेपच्या मागच्या जुडग्यात ‘की वन’, ‘की टू’ अशा नावाच्या एकदोन बारीक तारा असतात, आणि चारपाच बटणांचे काम त्यांतल्या एकाच तारेवर चालते; कारण प्रत्येक बटणाला वेगळ्या मूल्याचा रोधक जोडलेला असतो आणि कोणते बटण दाबले हे टेप त्या तारेवरील व्होल्टेज मोजून ओळखतो. समजा, टेपच्या आत पाच व्होल्टांना जोडलेला १००० ओहमचा रोधक आहे आणि आपल्या चार बटणांना अनुक्रमे १००, २२०, ४७० आणि १००० ओहमचे रोधक लावले आहेत. तर पहिल्या बटणाला ०.४५, दुसऱ्याला ०.९०, तिसऱ्याला १.६० आणि चौथ्याला २.५० व्होल्ट मिळतील. काहीच दाबले नसता पाच. हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे आणि रोधकही अत्यल्प किमतीचे आहेत. २२० ओहमच्या साध्या कार्बन रोधकावर लाल, लाल, तपकिरी असे तीन पट्टे आणि बाजूला सोनेरी पट्टा पाहून तो ओळखता येतो, तरी मल्टिमीटरवर तपासल्यावाचून झाळू नये.

पण याच सुबक हिशेबात त्या पितळी कड्याचे किटण घाला. येथे वाहणारा प्रवाह काही मिलिअँपिअरचा. त्याला ते भेदण्याचे बळ नाही. किटणामुळे वाटेत पन्नाससाठ ओहमचा जास्तीचा रोध शिरला, की पहिल्या बटणाचे व्होल्टेज पहिल्या आणि दुसऱ्या बटणांच्या मध्यावर येऊन ठेपते, आणि आवाज कमी करायला जावे तर गाणे बदलते. त्यातून हा रोध चाकाच्या प्रत्येक कोनाला निराळा असल्यामुळे दोष सरळ रस्त्यावर दडून राहतो आणि वळणावर प्रकट होतो. मालक म्हणतो बटणे खराब, दुकानदार म्हणतो टेप खराब. परतीच्या वाटेचीही तीच कथा आहे: दांड्याच्या मध्ये पुष्कळ गाड्यांत रबराचा सांधा असतो आणि त्याला वळसा घालणारी अर्थची लहान पट्टी तुटली असेल, तर बटणांना ‘बॉडी’ मिळतच नाही; म्हणून हे काम घेतल्यावर मी प्रथम ती पट्टी पाहतो.

यावरचा खरा उपाय कारखानदारांनी केव्हाच शोधून ठेवला आहे. त्याला आमच्या धंद्यात स्पायरल केबल किंवा क्लॉक स्प्रिंग म्हणतात: प्लास्टिकच्या चपट्या डबीत घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली तारांची सपाट पट्टी. चाक एका अंगाला फिरले की ती आवळते, दुसऱ्या अंगाला फिरले की सैल होते, आणि घासणे मुळातच नसल्याने रोध बदलत नाही. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीनचार फेरे फिरते. पट्टीची लांबी त्याहून थोडी अधिक राखलेली असते, पण अमर्याद नसते. म्हणून ती मध्यावर आणून बसविणे हाच या कामातील सर्वांत जबाबदारीचा क्षण होय. डबी हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवावी, विरोध जाणवताच थांबावे, मग दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजावेत, त्यांच्या निम्म्यावर परत यावे आणि डबीवरील बाणाच्या खुणा जुळल्याची खात्री करून घ्यावी. ही तजवीज न करता बसविलेली पट्टी अंगणात निमूट चालते आणि पहिल्याच पुरत्या वळणाला, बहुधा बाजारात गाडी मागे घेताना, तुटते.

पुष्कळ गाड्यांच्या महाग श्रेणीत ही बटणे मुळातच दिलेली असतात आणि स्वस्त श्रेणीत त्यांच्या जागी कोरे प्लास्टिकचे झाकण असते. अशा गाडीचा मालक भाग्यवान. त्याने वरच्या श्रेणीची मूळ बटणे, मूळ स्पायरल केबल आणि जोडणीचे जुडगे घ्यावे, कपलरमधील तारांची संख्या जुळते की नाही ते पाहावे, आणि बनावट मालाच्या वाटेस जाऊ नये.

एअरबॅग असलेल्या चाकाविषयी मात्र मला कळकळीने सांगावयाचे आहे. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. तेव्हाच्या आणि त्याआधीच्याही अनेक गाड्या आता जुन्या म्हणून आमच्याकडे येत आहेत. त्या चाकातील पिवळ्या आवरणाच्या तारा आणि पिवळे कपलर यांच्या पलीकडे एक स्फोटक गोळी आहे आणि ती पेटली म्हणजे पिशवी सेकंदाच्या तीन शतांश भागात फुगते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढल्यावरही त्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. निर्मात्याने सांगितलेला अवधी पुरता जाऊ द्यावा आणि मगच पॅडला हात लावावा. काढलेले पॅड तोंड वर करून ठेवावे. त्या पिवळ्या तारांना मल्टिमीटरची पिन लावून पाहण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये, आणि त्यांतून टेपची तार ओढण्याचा तर विचारही करू नये. काही ठिकाणी एअरबॅग काढून टाकून तिच्या जागी दोनतीन ओहमचा रोधक लावून देतात, म्हणजे इशाऱ्याचा दिवा विझतो आणि मालकाचे समाधान होते. गाडी पुढे तिसऱ्याला विकली जाते, आणि आपल्यासमोर पिशवी आहे या भरवशावर तो आपल्या मुलाबाळांना घेऊन हमरस्त्याला लागतो. हे कृत्य मी अपराध मानतो, आणि असा रोधक मागायला आलेल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवितो.

ज्या गाडीला स्पायरल केबल कधी बनलीच नाही, तिचे काय करावे? बाजारात चाकाला पट्ट्याने बांधायची, लहान सेलवर चालणारी बिनतारी बटणे मिळतात. ती सोयीची आहेत. पण पट्टा सैल होऊन ती ऐन वळणात हाताखाली सरकतात, हे मला पसंत नाही. माझा कौल पद्मिनीच्या गिअरकडे जातो. बटणे चाकावर न ठेवता चाकामागच्या स्थिर आवरणावर, हात चाकावर असतानाच बोटे पोहोचतील अशा जागी आणि इंडिकेटरच्या वा गिअरच्या दांडीच्या आड येणार नाहीत अशी बसवावीत. तेथे काही फिरत नाही, म्हणून सांधाच नको. साधी तार, चार रोधक आणि पक्की अर्थ एवढ्यावर काम भागते आणि पुढे तक्रार राहत नाही. फ्रान्सच्या रेनो कंपनीने आपल्या मोटारींत रेडिओच्या कळा चाकामागच्याच दांडीवर दिल्या होत्या, तेव्हा या तोडग्याला कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. अगदी अलीकडच्या गाड्यांत बटणे रोधकांची भाषा सोडून संगणकी संदेश पाठवितात. त्यांना स्वतंत्र दुभाषा-पेटी लागते, आणि तिचा प्रकार निराळा असल्याने त्यात मी येथे शिरत नाही.

जोडणी संपली म्हणजे टेपला प्रत्येक बटणाची ओळख करून द्यावी लागते: पडद्यावर काम निवडावे, बटण दाबून धरावे, नोंद झाली की पुढचे घ्यावे. हे इंजिन चालू ठेवून करावे. त्यानंतर चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि मध्यावर ठेवून प्रत्येक बटण व हॉर्न तपासावा. एअरबॅगचा दिवा चावी फिरवताच लागतो आणि थोड्या वेळाने विझतो हे मालकाला समक्ष दाखवावे. आणि एका जाड कागदावर कोणत्या रंगाची तार कोठे जोडली, कोणत्या बटणाला किती ओहम लावले, अर्थ कोठे घेतली आणि फ्यूज कितीचा आहे हा सारा तपशील तारखेसह लिहून तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे पुढे कोणत्याही गावच्या कारागिराला ती गाडी उघडताना तारा कापून पाहाव्या लागणार नाहीत.