डीनचे रान: नकाशा एक सांगतो, माणसे दुसरेच

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सरहद्दीजवळ रुअर्डीन नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावच्या माणसाला डिवचायचे असेल तर एकच प्रश्न पुरतो, ‘अस्वले कुणी मारली?’ एके काळी हा प्रश्न तिथल्या पबमध्ये कुणी मोठ्याने विचारला की बाह्या वर सरल्याच म्हणून समजावे!

घटना १८८९ च्या एप्रिल महिन्यातली. आपल्याकडे पूर्वी दरवेशी गावोगाव अस्वलाचा खेळ करीत, तसे चार फ्रेंच खेळकरी दोन अस्वले घेऊन या भागात फिरत होते. सिंडरफर्ड या खाणकामगारांच्या गावात खेळ करून ते रुअर्डीनच्या वाटेला लागले आणि मागे एक आवई उठली, की अस्वलाने एका पोराला मारले. आवई खोटी होती, पण जमावाला कोण समजावणार? लोक धावत सुटले. रुअर्डीनजवळ त्यांनी दोन्ही अस्वले ठार केली आणि खेळकऱ्यांनाही बेदम बदडले. पुढे खटला होऊन दंड झाले. मारायला धावले ते सिंडरफर्डचे लोक, पण नाव बद्दू झाले रुअर्डीनचे. नकाशावर बोट ठेवाल तर घटनेची जागा रुअर्डीनच दाखवते. त्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते शेजारच्या गावाकडे बोट दाखवतात. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी हा तंटा मिटलेला नाही.

ही दोन्ही गावे ज्या रानाच्या कुशीत आहेत, त्या ‘फॉरेस्ट ऑफ डीन’मध्ये असे तंटे जागोजागी भेटतात. कागद एक म्हणतो आणि लोकांच्या तोंडी दुसरेच असते. मात्र तिथे हे भांडण केवळ गप्पांपुरते राहिलेले नाही. कुणाचे घर, कुणाची मेंढरे आणि कुणाचा कोळसा हे त्याच्यावरच ठरत आले आहे.

रिकामे मधले आणि गजबजलेले काठ

एका बाजूला सेव्हर्न नदी, दुसऱ्या बाजूला वाय नदी आणि मध्ये उंचवट्यावर पसरलेले ओक, बीच आणि सूचिपर्णी वृक्षांचे हे रान. क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस किलोमीटर. नॉर्मन राजांच्या काळापासून हे राजाचे शिकारीचे रान. आजही त्याची मालकी सरकारचीच आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ग्लॉस्टरला आगगाडीने यायला साधारण दोन तास लागतात. तिथून पुढे बस किंवा मोटार. लिडनीहून पार्कएंडपर्यंत हौशी मंडळींनी चालवलेली वाफेच्या इंजिनाची गाडीही आहे. मुले बरोबर असतील तर ती चुकवू नये. वसंतात झाडांखाली निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा पसरतो तेव्हा इथे सर्वाधिक गर्दी असते. पण पाने झडल्यावर, थंडीत, या रानाचा सांगाडा दिसतो. ज्याला इथला इतिहास पाहायचा आहे त्याने तेव्हा यावे.

या भागाचा नकाशा उघडला की पहिल्याच नजरेत एक गोष्ट खटकते. मधोमध गर्द रान आणि भोवती गावांचे कडे. आपल्याकडे गाव मध्ये असते आणि शिवार भोवती, इथे उलट. कारण सरळ आहे. रानाच्या आत राहायला कुणाला परवानगीच नव्हती. राजाचे अधिकारी आतल्या झोपड्या पाडून टाकीत, म्हणून लोक काठाकाठाने राहिले. खाणीत राबणारे, कोळसा पाडणारे, लोहार, मोळीविके अशी ही माणसे. त्यांनी रात्रीतून दगडमातीच्या भिंती उभ्या केल्या, भोवती वाफाभर जमीन कुंपणाने घेतली. सूर्योदयापूर्वी धुराड्यातून धूर निघाला तर घर आपले झाले, अशी समजूत वेल्समध्ये आणि त्याच्या सीमेवरच्या मुलखात सर्रास होती. कायद्यात असे काही नव्हते, पण समजुतीच्या बळावरच पिढ्या नांदल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारी मोजणी झाली तेव्हा अशी पाचशेहून अधिक घरे निघाली.

बेरी हिल, ब्रीम, यॉर्कली, पिलोवेल ही गावे आज पाहिली तरी घरांची तोंडे वाटेल त्या दिशेला दिसतात. ज्याला जिथे जागा साधली तिथे त्याने चूल मांडली, रस्ते मागाहून आले. १८४२ पर्यंत या वस्त्या कोणत्याही चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्याही गावच्या हद्दीत, मोजल्याच जात नव्हत्या. हजारो माणसे राहत होती, पण दफ्तराच्या हिशेबी तिथे नुसते रान होते!

वर्षाचा एक दिवस जास्त

या रानाचे खरे वैभव जमिनीखाली आहे. लोखंड आणि कोळसा. रोमनांच्या काळापासून इथे लोखंड खणले जाते. खणून खणून खडकात जे वेडेवाकडे खंदक पडले त्यांना स्थानिक लोक ‘स्काउल्स’ म्हणतात. शेवाळ चढलेले दगड, मुळांच्या जाळ्या आणि अंधाऱ्या कपारी पाहिल्या की लहान मुलांना परीकथेत शिरल्यासारखे वाटते.

न्यूलंडच्या जुन्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातली एक लहानशी पितळी आकृती आहे. पाठीवर खनिज भरायचे टोपले, हातात कुदळ आणि दातांत धरलेली मेणबत्ती. दोन्ही हात कामाला मोकळे हवेत म्हणून उजेड तोंडात! हा डीनचा ‘फ्रीमायनर’, म्हणजे मुक्त खाणकरी. इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडमधल्या बेरिकला वेढा घातला तेव्हा तटाखाली सुरुंग खणायला इथले खाणकरी नेले होते आणि त्या कामगिरीबद्दल राजाने त्यांना आपल्या रानात कायमचा खणण्याचा हक्क दिला, असे लोक सांगतात. राजाचा मूळ हुकूम दाखवा म्हटले तर कुणापाशी नाही. खाणकऱ्यांचे स्वतःचे न्यायालय होते, तेही १७७७ नंतर बसले नाही आणि त्याचे कागद पेटीतून नाहीसे झाले. कुणी नेले यावर अजूनही कुजबूज चालते.

पण हक्क टिकला. १८३८ च्या कायद्याने तो पक्का केला. सेंट ब्रेव्हल्सच्या ‘हंड्रेड’मध्ये, म्हणजे आपल्या जुन्या परगण्यासारख्या प्रदेशात, जन्मलेला आणि तिथेच राहणारा, वयाची २१ वर्षे पूर्ण केलेला पुरुष तिथल्या खाणीत एक वर्ष आणि एक दिवस राबला, की तो फ्रीमायनर. मग तो सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करून आपल्या नावे खाणीचा तुकडा मागू शकतो. त्या तुकड्याला ‘गेल’ म्हणतात आणि अधिकाऱ्याला ‘डेप्युटी गॅव्हलर’. हे पद आजही आहे.

कोणता तुकडा कोणाचा हे ठरवायला तीन आयुक्त नेमले गेले. त्यांतले एक थॉमस सॉपविथ. न्यूकॅसलच्या सुतारकाम करणाऱ्या घराण्यातला हा मोजणीदार. पहिल्या महायुद्धात गाजलेली सॉपविथ विमाने बनवणारे थॉमस सॉपविथ हे त्यांचेच नातू. आजोबांनी डीनचा तपशीलवार नकाशा काढला, पण कागदावर अडचण झाली. इथे कोळशाचे थर एकाखाली एक आहेत आणि गेल मिळते ती एका थरापुरती. म्हणजे वरच्या थरात एकजण खणतो, त्याच्याच पायाखाली दुसरा, त्याच्याही खाली तिसरा. चाळीत जसे मजल्यामजल्यावर वेगवेगळे बिऱ्हाड असते तसेच हे, फक्त उलट्या दिशेने. सपाट कागदावर हे दाखवावे कसे? सॉपविथ यांच्या हातात बापाचा धंदा होता. त्यांनी लाकडाचे डीन बनवले आणि जमिनीखालचे थर त्यात उतरवले. १८४१ मध्ये आयुक्तांचा निवाडा नकाशांसह प्रसिद्ध झाला.

त्या काळच्या खाणींची नावे वाचताना हसू येते. एकीचे नाव ‘स्ट्रिप अँड ॲट इट’, म्हणजे कपडे उतरवा नि लागा कामाला. दुसरी ‘न्यू फॅन्सी’, तिसरी ‘होपवेल’. दारिद्र्यातही विनोद आणि आशा सोडलेली नव्हती.

नकाशा नसला की काय होते, हे बिक्सस्लेड दरीतला एक स्मृतिस्तंभ सांगतो. १९०२ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या युनियन पिट या खाणीत पलीकडच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या पोकळ्या फुटल्या. चारजण बुडाले. तिघे पाच दिवस अंधारात अडकून पडले आणि जिवंत बाहेर आले. जुन्या खाणीतल्या सोडून दिलेल्या वाटा कुठवर गेल्या आहेत, हे सांगणारी माणसे केव्हाच गेलेली असतात. उरतो तो कागद, आणि तोही असला तर.

कुंपण पाडणारा वॉरन जेम्स

नकाशावर रेघ मारणे सोपे, पण ती रेघ कुणाच्या तरी अंगणातून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आरमारी जहाजांना ओकचे लाकूड कमी पडू लागले. सेनापती नेल्सनही डीनची उजाड अवस्था पाहून गेला होता. १८०८ मध्ये कायदा करून ११,००० एकर रान कुंपणात घालायचे ठरले. रोपे लागली, कुंपणे चढली आणि लोकांच्या मेंढ्या, डुकरे बाहेर राहिली. रोपे वाढली की कुंपणे काढतील, अशी लोकांची समजूत. वीस वर्षे झाली तरी ती निघेनात.

तेव्हा वॉरन जेम्स या फ्रीमायनरने हाक दिली. जून १८३१ मध्ये शेकडो माणसे कुदळी, फावडी घेऊन निघाली आणि काही दिवसांत मैलोगणती कुंपणे आडवी झाली. लष्कर आले, बंड मोडले. जेम्सला आधी फाशीची आणि मग जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याला टास्मानियाला धाडले. १८३६ मध्ये माफी मिळाली, पण तो परतलाच नाही. १८४१ मध्ये तिकडेच वारला. सॉपविथ यांचे नकाशे प्रसिद्ध झाले तेच हे साल. सरकारी कागदांत जेम्स दंगेखोर आहे, गावच्या आठवणीत मात्र आपला माणूस. आणि ज्या ओकसाठी एवढे झाले, ते मोठे होईपर्यंत जहाजे लोखंडाची झाली होती! ते ओक मात्र आज डौलाने उभे आहेत. त्यांच्या सावलीत फिरताना जेम्सची आठवण काढायला हरकत नाही.

मेंढ्यांचा वाद तर संपलेलाच नाही. रानात मोकळी मेंढरे चारणाऱ्यांना इथे ‘शीप बॅजर’ म्हणतात. सरकार म्हणते ही सवलत, ते म्हणतात हा हक्क. २००१ मध्ये लाळ्या-खुरकतीच्या साथीत इथली मेंढरे मारावी लागली. नंतर ती पुन्हा आली. गावच्या रस्त्यात बसून मोटारी अडवण्याचा त्यांचा बाणा पाहून आपल्या शहरांतल्या गायींची आठवण होते.

सेंट ब्रेव्हल्समध्ये आणखी एक हक्क असाच जपला जातो. दर वर्षी व्हिट-संडेला चर्चच्या भिंतीवरून पाव आणि चीजचे तुकडे गर्दीत फेकले जातात. रानातून जळण आणण्याच्या जुन्या हक्काची ही खूण, असे गावकरी मानतात. पूर्वी खाणकामगार तो तुकडा न खाता जपून ठेवत. खाणीत उतरताना जवळ असला की अपघात होत नाही म्हणे.

‘हाउ बिस्ट, ओल्ड बट?’

सरकारी मालकीची शेवटची मोठी कोळशाची खाण, नॉर्दर्न युनायटेड, १९६५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी बंद झाली. सणाच्या तोंडावर हातचे काम गेले. बेरी हिलच्या खाणकामगाराचा मुलगा आणि पुढे नामवंत नाटककार झालेला डेनिस पॉटर याने त्याच्या थोडे आधीच, १९६२ मध्ये, या बदलत्या रानावर पुस्तक लिहिले होते. इथली बोली एकेकाळी सर्वांच्या तोंडी होती. ‘हाउ बिस्ट, ओल्ड बट?’ म्हणजे ‘कसं काय, गड्या?’ ‘बट’ हा खाणीत बरोबरीने राबणारा सोबती. आता ही हाक म्हाताऱ्यांकडूनच ऐकावी.

त्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले. विमानातून लेझर किरण सोडून झाडांखालच्या जमिनीचाही नकाशा काढला गेला. त्यात कोळसा पाडण्याच्या सपाट जागा आणि बुजलेले खड्डे लख्ख उमटले. न्यू फॅन्सी खाण होती तिथल्या दगडमातीच्या ढिगावर आता टेहळणीची जागा आहे आणि जवळच इथले खडक आणि खाणी दाखवणारा दगडाचा मोठा नकाशा मांडला आहे.

रानावर कुणी हात टाकला की मात्र हे लोक एक होतात. १९८१ मध्ये सरकारी जंगले विकण्याची मुभा देणारा कायदा आला तेव्हा डीनला त्यातून वगळावे लागले. २०११ च्या जानेवारीत पुन्हा विक्रीची भाषा सुरू झाली, तेव्हा ऐन थंडीत हजारो लोक स्पीच हाउसपाशी जमले. ही सतराव्या शतकातली इमारत, आज हॉटेल असली तरी रानाचे न्यायालय तिथेच भरते. फेब्रुवारीत सरकारने विक्रीचा बेत सोडला.

फ्रीमायनरच्या हक्कापुढे आज वेगळाच पेच आहे. कायद्यात ‘पुरुष’ असा शब्द होता, पण क्लिअरवेलच्या खाणीत गेरू काढणाऱ्या एलेन मॉर्मन यांनी आग्रह धरला आणि २०१० मध्ये त्या पहिल्या स्त्री फ्रीमायनर म्हणून नोंदल्या गेल्या. ‘जन्म हंड्रेडमध्येच’ ही अट मात्र तशीच आहे. परगण्यातला प्रसूतिविभाग बंद झाला आणि आता बहुतेक बाळंतपणे ग्लॉस्टरच्या मोठ्या रुग्णालयात होतात. ग्लॉस्टर सेव्हर्नच्या काठी आहे खरे, पण हंड्रेडच्या रेघेबाहेर! बाप, आजा, पणजा खाणकरी, घर रानाच्या काठाला, आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर गाव दुसरेच. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. डीनमध्ये काही घरांत गरोदर सुनेला विचारतात ते वेगळेच, की बाळ घरीच जन्माला येईल का? सुईण बोलावून कोळशाचा हक्क राखणारी अशी कुटुंबे आता मोजकीच उरली आहेत.