आचार्य आणि आचारी

आमच्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर नावांखाली सात ओळी होत्या : मुखपृष्ठे, सुलेखन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, भाषांतर, छायाचित्रण आणि जाहिरातींचा मजकूर. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या दोन मित्रांना जे जे म्हणून आवडत होते, ते ते सारे त्या एवढ्याशा पुठ्ठ्यावर दाटीवाटीने बसले होते. कार्ड हाती घेणारा गृहस्थ ते उलटून पाही आणि विचारी, "म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?" या प्रश्नाचा आम्हांला तेव्हा राग येत असे.

रागाला आम्ही पूर्वसूरींचा आधारही शोधून ठेवला होता. द. ग. गोडसे मुखपृष्ठे करीत, नाटकांचे नेपथ्य करीत आणि इतिहासावर व कलेवर मर्मग्राही लेखनही करीत. र. कृ. जोशी कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक आणि पवईच्या आय.आय.टी.त अध्यापक. एका माणसाला एकच कसब शोभते, हा बाजाराचा आग्रह आम्ही का मानावा? युक्तिवाद बिनतोड होता. फक्त त्याने दुकानाचे भाडे निघत नसे. ते निघे लग्नाच्या अल्बमांतून.

अशात आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या गौरवग्रंथाचे काम आले. लेख जुन्या फॉण्टमध्ये टंकलेले होते. युनिकोडमध्ये आणताना त्यांतला 'ऱ्य' सर्वत्र 'र्य' झाला. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या', 'खऱ्या'चे 'खर्या'. मराठी वाचणाऱ्याला हे खड्यासारखे लागते. जुळणी पाहणाऱ्या आमच्यातल्या एकाने एका आज्ञेसरशी 'र्या'चे सगळीकडे 'ऱ्या' करून टाकले. आता 'कार्यात' आणि 'सूर्याला' बिघडले. पण असे शब्द मराठीत नाहीतच, त्यामुळे ते डोळ्यांत भरले आणि दुरुस्तही झाले. एक शब्द मात्र निसटला, कारण बिघडल्यावरही तो मराठीच राहिला. रससिद्धान्तावरील लेखात आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त यांच्याविषयी जेथे जेथे 'आचार्यांनी' होते, तेथे तेथे 'आचाऱ्यांनी' आले. काव्यशास्त्राचे सारे आचार्य एका रात्रीत स्वयंपाकी झाले.

हे लक्षात आले तेव्हा छापून घडी घातलेले फर्मे बांधणीवाल्याकडे पोचले होते. प्रकाशन समारंभ आठ दिवसांवर आला होता. आम्ही सरांकडे गेलो आणि ते पान त्यांच्या पुढ्यात ठेवले. सरांनी चष्मा वर केला, वाचले आणि मनमुराद हसले. "अरे, भरतानं रसाचा दृष्टान्त स्वयंपाकघरातूनच घेतलाय. आचारी काही अगदीच परका नाही तिथं." मग हसणे ओसरल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "पण हे पान शेवटी कुणी पाहिलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जुळणी करणाऱ्याला वाटले होते, मुद्रितशोधन करणारा पाहील. मुद्रितशोधन तर त्या आज्ञेच्या आधीच होऊन गेले होते, आणि ते करणारा त्या दिवशी एका लग्नात छायाचित्रे काढीत होता. सात ओळींपैकी प्रत्येक काम कुणीतरी केले होते. पानाचा धनी मात्र कुणीच नव्हता.

तो सोळा पानांचा फर्मा आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापला. त्या कामातली आमची सारी मिळकत त्यात गेली. परंतु सरांचा प्रश्न मिटेना. त्या प्रश्नाच्या उजेडात आम्ही आमच्या पूर्वसूरींकडे पुन्हा पाहिले, आणि आपण त्यांच्या कामांची केवळ यादी वाचली होती, हे उमगले. र. कृ. जोशींच्या कवितेत, सुलेखनात, जाहिरातीत आणि अध्यापनात एकच ध्यास दिसतो, तो अक्षराचा. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या असंख्यांच्या नजरेखालून गेलेला 'मंगल' हा फॉण्ट त्यांनीच घडवला, तो त्याच वाटेवर चालत जाऊन. त्याआधी जावजी दादाजींनीही अक्षरांच्या साच्यांपासून आरंभ केला होता. निर्णयसागर छापखाना आणि 'काव्यमाला'सारखी संस्कृत ग्रंथांची माला त्याच मुळावर वाढली. त्यांची कामे अनेक होती, पण ती सारी एकाच प्रश्नाची उत्तरे होती.

मग आमचा प्रश्न कोणता? सात ओळी समोर ठेवून आम्ही बेरीज करण्याचे थांबवले आणि प्रत्येक ओळीला एवढेच विचारले : हस्तलिखित वाचकाच्या हाती जसेच्या तसे, देखणे आणि निर्दोष पोचावे, यासाठी तुझा उपयोग काय? मुखपृष्ठ, सुलेखन, जुळणी, शोधन यांनी उत्तर दिले. भाषांतराने थोडे अडखळत दिले. दोन भाषांत वावरणारा डोळा शब्दाचा संशय घ्यायला शिकतो. जाहिरातींचा मजकूर गप्प राहिला. छायाचित्रणही गप्प राहिले, आणि ते सर्वांत अवघड होते, कारण भाडे तेच भरत होते. कॅमेरा विकला नाही. तो घरी आहे, सुट्टीत हाती येतो. आवड सोडावी लागत नाही, तिला पाटीवरून उतरवावे लागते, एवढेच.

नव्या कार्डावर एकच ओळ आहे : 'मराठी पुस्तक : हस्तलिखितापासून छापील पानापर्यंत.' पहिल्या वर्षी मिळकत घटली, हे लपवण्यात अर्थ नाही. दुकानाची अर्धी जागा दुसऱ्याला द्यावी लागली. पण 'नेमकं काय करता' हा प्रश्न बंद झाला, आणि लोक ज्या कामासाठी यायला हवे होते, त्याच कामासाठी येऊ लागले. पाटी ही आपल्या साऱ्या व्यक्तिमत्त्वाची जंत्री असावी, असा आमचा हट्ट होता. आता वाटते, पाटी म्हणजे दुसऱ्याला दिलेला शब्द. जेवढा पाळता येईल, तेवढाच द्यावा.

आजही प्रत्येक पुस्तक छापायला जाण्यापूर्वी आमच्यापैकी एक जण सगळी पाने अखेरची वाचतो आणि शेवटच्या पानामागे पेन्सिलीने आपले नाव लिहितो. आणि 'आचार्य' हा शब्द आला, की दोघेही थांबतो.