पोटात आलेला गोळा

पोटात गोळा येणे, घशाला कोरड पडणे, हातपाय गळणे, काळजात धस्स होणे. वाक्प्रचार शिकवताना आपण अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करून घेतो आणि पुढे सरकतो. परंतु हे सारे शरीराचे वाक्प्रचार आहेत. भीती मनाची खरी. मराठीने मात्र तिचे ठिकाण पोटात, घशात आणि काळजात दाखवले आहे.

रत्नागिरीत शिकवताना हे विशेष जाणवते. आसपासच्या वाड्यांतून मुले-मुली पदवीच्या वर्गात येतात. वर्गापुढे उभे राहून पाच मिनिटे बोलायचे, प्रसंग एवढाच. पण हातातला कागद थरथरू लागतो. संगमेश्वरी बोलीतला एखादा शब्द निसटेल आणि कोणी हसेल, ही धास्ती त्यामागे असते. विचारले तर उत्तर एकच : टेन्शन आलंय. या एका शब्दात सारे वाक्प्रचार बुडून गेले आहेत.

1993 साली जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या अशाच प्रसंगाला प्रयोगाचे रूप दिले. निर्विकार परीक्षकांसमोर भाषण करायचे, मग तोंडी वजाबाकी. आणि लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण मोजायचे. छातीची धडधड तत्काळ वाढते; कॉर्टिसॉल मात्र प्रसंग संपल्यावर काही मिनिटांनी शिखर गाठते. म्हणजे आपण ‘बसा’ म्हणतो तेव्हा विद्यार्थ्याची परीक्षा संपलेली नसते. बाकावर मान खाली घालून तो बसतो, तेव्हा ती शरीरात चालूच असते. त्या क्षणी मागच्या बाकावरून आलेले हसू अधिक खोल रुतत असावे, असे मला वाटते.

ट्रिअरच्या परीक्षकांना चेहरा कोरा ठेवण्याची सूचना असे. आपल्याला तशी कोणी दिलेली नाही. तरी तोंडी परीक्षेत आपले चेहरे कसे असतात, ते आठवून पाहावे.

या शहरात 1886 पासून मनोरुग्णालय आहे. ‘मन बरे नाही’ असे येथे उघडपणे म्हणणे तरुणांना जड जाते. पोट दुखते, असे सांगता येते. म्हणून मी ‘काय झालं?’ असे न विचारता ‘कुठे जाणवतंय?’ असे विचारतो. पोटात, असे उत्तर येते. पोटाविषयी बोलता बोलता मग घरचे, मित्रांचे, वर्गातले असे बरेच काही बाहेर येते. वाक्प्रचारांचा असाही उपयोग आहे. तो वाक्यात करून दाखवता येत नाही, एवढेच.